गुड्डीच्या कपाटातली आई

माझ्या आईचा आवाज माझ्याकडे नाही. तो लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत, गुड्डी साळवीच्या लोखंडी कपाटात असतो आणि त्या कपाटाची किल्ली गुड्डीच्या पर्समध्ये असते. हे मी अगदी शांतपणे लिहिलं आहे. लिहिण्याआधी दोनदा उठून पाणी प्यायले, ते सोडा.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकून मंडळी सतरंजीवर लवंडली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते तुझं लखनौचं सांग ना." मी थोडे आढेवेढे घेते, कारण ते घ्यायचे असतात, आणि मग सांगते. त्या गोष्टींमध्ये मी असते त्यापेक्षा थोडी हुशार असते, थोडी बारीक असते आणि पुष्कळच उदार असते. पण टेपांची गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही. तिच्यात मला उदार करायला कुठं जागाच सापडत नाही.

यंदा थंडी सरता सरता लखनौला जाणं झालं. गुड्डीनं कपाट उघडलं आणि आवाजाच्या आधी वास आला. जुन्या कॅसेटींना एक वास असतो. थोडा डांबरगोळीचा, थोडा तापून निवलेल्या प्लॅस्टिकचा, आणि खाली कुठंतरी आंबूस. त्या वासाबरोबर माझ्या पाठीवरून घामाची धार ओघळली. बाहेर शाली पांघरायचे दिवस होते. पण पाठीला ते कळलं नाही, ती थेट मानकनगरच्या मे महिन्यात जाऊन बसली होती.

बाबा रेल्वेत इंजिनिअर होते आणि लखनौतच मानकनगरला आमचं क्वार्टर होतं. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी नववी-दहावीत होते. मे महिना म्हटला की लू, भाजून काढणारा वारा. दुपारी दारंखिडक्या बंद, खिडकीत कूलर, त्याच्या तिन्ही बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या. त्यांवर पाणी पडलं की घरभर ओल्या मातीसारखा, पण मातीहून थोडा गोड असा वास सुटायचा. बादलीत दसहरी आंबे बुडालेले. बाहेर दूरवर शंटिंगच्या इंजिनाची शिटी, आणि त्या उन्हातही एखादा कबाडी "लोहा-लक्कड़, रद्दी काग़ज़" असं लांबलचक ओरडत जायचा. तो ओरडला की समोरच्या घरातला कुत्रा त्याच पट्टीत सूर लावायचा. आम्ही त्याला जुगलबंदी म्हणायचो.

आत आई मराठी बोलायची. म्हणजे दोन बोलायची. पाहुण्यांशी आणि मराठी मंडळातल्या बायकांशी ती घडी मोडू नये अशा बेतानं नेसलेलं मराठी बोलायची. आणि दूध उतू गेलं, मी परीक्षेत माती खाल्ली, किंवा तिला मनापासून हसू आलं, की तिचं अकोल्याकडचं वऱ्हाडी बाहेर यायचं. "काऊन वं, डोळे कुठी ठेवले होते?" बाबा साताऱ्याचे. ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "आली बघ गाडी मूळ रुळावर."

मी तिला मराठीत उत्तर द्यायची. यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण लखनौच्या आमच्या मंडळात ती दुर्मीळ गोष्ट होती. बाकी पोरं मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. आई म्हणणार, "जेवायला चल," पोरगा म्हणणार, "अभी भूख नहीं है यार मम्मी." मी मात्र घडाघडा मराठी बोलायची. गणपतीत मला पुढं उभं करायचे, पाहुण्यांना दाखवायचे. मीही स्वतःला दाखवून घ्यायची.

तशाच एका गणपतीत वझेकाकूंनी पोरांना गोलात बसवलं. काकू महानगरला राहायच्या. काका बँकेत होते आणि काकू शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांच्या आवाजाला कुणी कळवलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "प्रत्येकानं आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची. मराठीत." पोरं सतरंजीचे धागे ओढू लागली. मग एक म्हणाला, "आंटी, हिंदी में चलेगा?" दुसरी म्हणाली, "घर में तो कोई स्टोरी नहीं सुनाता." मी हात वर करून बसले होते, पण काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष त्या गप्प बसलेल्या पोरांकडे होतं. मला वाटतं, माझं पोट दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

आरतीनंतर, हातात खोबऱ्याचा तुकडा धरून, काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्या घरातलं बोलणं जमा करायचं. प्रत्येक घरातलं जे जुनं माणूस असेल त्यानं बोलायचं, जसं येतं तसं, आणि ते टेप करायचं. मग रविवारी इथं सगळ्यांनी बसून ऐकायचं. नाहीतर दहा वर्षांनी ही पोरं आपल्या आरत्या रोमन अक्षरांत वाचतील."

कुणाच्या तरी मस्कतच्या भावानं आणलेला एक टू-इन-वन रेडिओ-टेप मंडळाला मिळाला. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून घरोघरच्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या. त्यांच्या माथ्यावरची प्लॅस्टिकची टिकली मोडलेली असायची, तिथं सेलोटेप चिकटवली की त्यावर पुन्हा भरता यायचं. त्यामुळे आजही कुणाच्या पणजीची हकीकत संपते न संपते तोच एखाद्या भजनाचं शेपूट ऐकू येतं. भरताना पंखा बंद, कूलर बंद, कारण त्यांची घरघर आधी टेपमध्ये जाऊन बसायची. ज्या घरी टेपिंग असेल त्या घरातली माणसं संध्याकाळी घाम धुवायला मोरीसमोर रांग लावायची. मंडळातल्या पुरुषांनी या कार्याला 'वाफारा' असं नाव ठेवलं होतं.

आणि एक नियम झाला. पहिलीच टेप वझेकाकांनी आपल्या आईची भरली होती. आम्ही सगळे भक्तिभावानं ऐकायला बसलो. आजी बोलत होत्या, "मग तो नाही का रे, तो आला... तुला माहीतच आहे... मग तिनं ते आपलं नेहमीचं केलं... ते तुला सांगायला नकोच." मध्ये काका म्हणत होते, "हो, हो." टेप संपली. कोण आला, कुणी काय केलं, देवाला ठाऊक आणि वझेकाकांना ठाऊक. काकू उठल्या. "घरच्या माणसानं घरचं माणूस भरायचं नाही," त्या म्हणाल्या. "घरच्याला सगळं माहीत असतं. ज्याला काही माहीत नाही, असंच माणूस समोर बसवायचं."

माझ्या आईसमोर बसवलं गुड्डी साळवीला.

ही गुड्डी माझ्याच वयाची. तिचे वडील अमौसीला विमानतळावर नोकरीला. मूळचे कोकणातले, पण गुड्डीचा जन्म लखनौचा, शाळा लखनौची, मैत्रिणी लखनौच्या. तिला मराठी समजायचं ते असं, जसं आपल्याला शेजारच्या घरातलं भांडण समजतं. सूर कळतो, मुद्दा कळत नाही. तिच्याकडे एकच शब्द होता, "मतलब?" काकूंना तो फार मोलाचा वाटला.

मला मिळाले जगतापकाका. सैन्यातून नुकतेच निवृत्त झालेले. काकू म्हणाल्या होत्या, "त्यांचं बोलणं म्हणजे सोनं आहे, माणदेशी." अंगणात बसून ते खरोखर सोनं बोलायचे. पण टेपचा लाल दिवा लागला की काका खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि हिंदीत रिपोर्ट द्यायचे. "जी हाँ. गाव में कुआँ था. पानी ठीक था." मी म्हणायची, "काका, बसा ना. मराठीत सांगा ना." काका म्हणायचे, "बाळ, ते मशीन चालू असताना बरं दिसत नाही." मशीन बंद केलं की लगेच विहिरीत पडलेल्या रेड्याची अशी काही गोष्ट सांगायचे की हसून हसून बरगड्या दुखाव्यात. माझी सगळी टेप 'पानी ठीक था' मध्ये गेली.

आणि तिकडे आमच्याच घरात, आमच्याच बाहेरच्या खोलीत, माझी आई बोलत होती.

मी स्वयंपाकघरात पन्हं करत असायची. कैऱ्या उकडल्याचा वास, वेलदोड्याचा वास, आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज. तो कूलरशिवायच्या शांततेत इतका स्वच्छ यायचा की तिनं मध्येच घेतलेला घोटही ऐकू यावा.

"आमच्या गावाले नदी नव्हती. नाला होता. पन आभाळ फुटलं का तो असा फुगे, का आम्ही त्यालेच गंगा म्हनत होतो."

"आंटी, नाला मतलब? वो गंदा वाला?"

"अवं नाही वं बाप्पा!" आई खळखळून हसली. "पावसाचं पानी वाहे त्यातून. तळातला गोटा दिसे असं निर्मळ. थांब, तुले सगळंच सांगा लागते."

आणि मग ती सगळंच सांगायची. नाल्याच्या काठच्या बाभळी, बाभळीच्या डिंकासाठी झालेल्या मारामाऱ्या, पैलतीरावरच्या मळ्यातली बोरं. गुड्डीनं 'मतलब?' म्हटलं की आणखी एक दार उघडायचं. भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघर गाणी म्हणत कशा जायच्या आणि शेवटी खिरापत ओळखायची असायची, ते आलं. "खिरापत मतलब?" मग आई डब्याचं सांगू लागली. जिच्या घरी भुलाबाई, ती मुलगी डब्यात खाऊ लपवणार, बाकीच्यांनी डबा कानाशी हलवून आत काय ते ओळखायचं. फुटाणे कसे वाजतात, मुरमुरे कसे, गुळाचा खडा कसा एकटाच डबाभर फिरतो. "आन् रुखमीनं एक डाव त्यात भिजवलेले पोहे ठेवले. वाजतच नव्हते! कोनालेच नाही आलं ओळखता. मी तिच्यासंगं भांडली, का हे काही बरोबर नाही. वर्षभर बोलली नाही मी तिच्यासंगं. आन् मंग तिचं लगन झालं न् ती गेली."

आई थांबली. गुड्डीही, पहिल्यांदाच, 'मतलब?' म्हणाली नाही.

मी चमचा हातात धरून उभी होते. रुखमी. माझ्या आईची जिवाची मैत्रीण, आणि मला तिचं नाव भिंतीपलीकडून कळत होतं. मला आई काय सांगायची? केस वाळव. डबा धुऊन ठेव. गणिताचा पेपर कसा गेला. मी कधी विचारलं की तू लहानपणी काय करायचीस, तर म्हणायची, "काय करणार? तुले तं सगळं माहीतच हाय." मला वाटायचं, असेल, माहीत असेल मला. घडाघडा मराठी येणाऱ्या मुलीला हे माहीत नसेल तर कुणाला?

एका दुपारी मला राहवलं नाही. आई विहिरीवरच्या पहाटेचं सांगत होती आणि मला त्यातला एक तुकडा खरंच माहीत होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, आधी ते मोटेच्या बैलाचं सांग!" मग टेप बंद केल्याचा खट्ट आवाज. वझेकाकू पडदा सारून आत आल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं पाघळलं होतं.

"तू इथं काय करतेयस?"

"पन्हं."

"पन्हं शेजारच्यांकडे कर."

"पण आमचंच घर आहे ना, काकू."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून टेपिंगच्या वेळी मला समोरच्या श्रीवास्तव आंटींकडे पाठवायचे. त्या मला खायला खारी मठरी द्यायच्या आणि विचारायच्या, "बेटा, तुम्हारे घर कोई बीमार है क्या? सब खिड़कियाँ बंद हैं." मी म्हणायची, "नहीं आंटी, मम्मी की रिकॉर्डिंग चल रही है." त्यांना वाटायचं, आई रेडिओवर गाते.

मग ऐकायचे रविवार. महानगरला वझेकाकूंच्या गच्चीखालच्या हॉलमध्ये सतरंज्या, मध्ये स्टुलावर टू-इन-वन, भिंतीला टेकून बायका, दाराशी पुरुष. पावसाळा आला की खिडकीतून चिंब कडुलिंबाचा वास यायचा. थंडीत कुणीतरी शेंगा आणायचं, आणि टेप ऐकताना टरफलं न वाजवता सोलायची कला सगळ्यांनी शिकून घेतली. आईची टेप लागली की आई पदर तोंडाशी धरायची. दादर-पुण्याच्या ज्या बायका पूर्वी तिच्या तोंडून चुकून 'तुले-मले' निसटलं की एकमेकींकडे बघायच्या, त्या आता पुढं सरकून विचारायच्या, "वहिनी, ते बोरांचं पुन्हा लावू का?" आणि पोरं! ऐकल्यावर पोरांनी ते पुन्हा मराठीत सांगायचं असा काकूंचा दंडक होता. कोकणातली, साताऱ्याची, नगरची पोरं, सगळी आईच्या शब्दांत सांगू लागली. त्या हिवाळ्यात मंडळातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी 'का'च्या जागी 'काऊन' बसला. "हाँ, पर काऊन?" "चल ना यार, काऊन नाही येत?" क्रिकेटमध्ये बाद दिलं तरी "काऊन बे!"

आमच्या घरातला शब्द. आईनं माझ्यावर चिडल्यावर वापरायचा शब्द. तो सगळ्या महानगरात बॅट घेऊन फिरत होता.

कॅसेटीवर काकूंच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं असायचं, 'सांगणार : मानकनगरच्या वहिनी. विचारणार : गुड्डी.' मी तो कागद उलटसुलट करून बघायची. 'पन्हं :' असं काही त्यावर नव्हतं.

पुढं बाबांची बदली झाली. सामान बांधलं, खसाच्या ताट्या काढून कबाड्याला दिल्या. पुणं. कॉलेज, लग्न, माझ्या मुली. आईचं वऱ्हाडी पुण्यात हळूहळू आत आत जात राहिलं. शेवटच्या वर्षांत ती फार बोलायचीच नाही. मी जवळ बसून म्हणायची, "काहीतरी सांग ना." ती माझ्या हातावर हात ठेवायची आणि हसायची. सांगायची काहीच नाही. ती गेली आणि वझेकाकूही गेल्या, आणि काकूंचं कॅसेटींचं कपाट गुड्डीकडे आलं.

तर यंदा मी लखनौला गेले ती एक मऊ ओढणी बॅगेत घालून. कॅसेटी गुंडाळायला. बरोबर पुण्याची बाकरवडीही होती, म्हणजे बोलणी जरा खुसखुशीत व्हावीत. गुड्डी आता, वडिलांसारखीच अमौसीला, एका विमान कंपनीत काम करते. केस पांढरे होऊ दिलेत, बारीक आहे, तेही मी पाहिलं. तिनं दार उघडलं आणि म्हणाली,

"ये वं ताई! किती वाट पाहाले लावली! बस, मी चहा ठेवतो."

मी उंबऱ्यातच थांबले. आमच्या वऱ्हाडात बाया 'मी ठेवतो' असंच म्हणतात. हे साताऱ्याच्या बाबांनी आईला आयुष्यभर चिडवलं होतं. पण नुसते शब्द नव्हते ते. 'वं' वर किंचित रेंगाळणं, 'बस' म्हणताना आवाजाला येणारा तो दटावणीचा काठ. डोळे मिटले असते तर मी पायांत चपला तशाच ठेवून आत धावले असते. मी मिटले नाहीत. मी म्हणाले, "अगं, कशाला उगाच त्रास?" आणि माझ्या कानाला ते एखाद्या बातमी वाचणाऱ्या बाईसारखं लागलं.

"तू असं बोलायला कुठं शिकलीस?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"आंटींच्या टेपवरून," ती म्हणाली. "मले दुसरं मराठी येतच नाही ना. एकच मानूस माह्याशी इतकं बोललं."

चहा आला. आलं ठेचून घातलेला. मी कॅसेटींचा विषय काढला. गुड्डीनं कपाट उघडून दाखवलं, तो वास आला, आणि लगेच बंद करून तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

"कॉपी देतो ना," गुड्डी म्हणाली. "पेन ड्राइव्हवर. सगळ्या काँप्युटरवर घेतल्यात. मंडळाची पोरं बसली होती हॉलमध्ये, पंखे बंद करून."

"कॉपी नको. त्या कॅसेटी हव्यात."

"ओरिजिनल कपाटातून बाहेर जात नाहीत, ताई. काकूंचा नियम हाय."

"गुड्डी, माझी आई आहे ती."

"हाँ," ती म्हणाली. आणि किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. उद्धटपणा नव्हता त्यात. आई जशी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायची, तसं.

मी बाकरवडी खात राहिले, माझीच. मग गुड्डी जरा चाचरत म्हणाली, "ताई, एक विचारू? रविवारी पोरं येतात ना इथं, त्यांना मी पेरणीचं लावतो. तिथं आंटी एक गोष्ट म्हणतात आणि मग..." तिनं काँप्युटरवर काहीतरी दाबलं.

आई बोलू लागली. इतकी जवळून की मी कप खाली ठेवला. तिच्या आईबरोबर ती पेरणीला जायची, ते सांगत होती. तिफणीवर लाकडाची वाटी असते, ते चाडं. तिफणीमागं चालत बाईनं त्यात मुठीतून बी सोडायचं. एकसारखं. जास्त सुटलं तर दाट, कमी सुटलं तर ओळी मोकळ्या. "माय मले म्हने, मूठ अशी धर. आन् बी असं सोड... असं नाही, असं... हां. असं."

मग शांतता. दूर शंटिंगची शिटी. पुन्हा आई, "समजलं का?" आणि गुड्डीचा लहानपणचा आवाज, "हाँ आंटी." आणि पुढचं काही वेगळंच. गुड्डीनं ते थांबवलं.

"पोरं विचारतात, 'मौसी, असं मतलब कैसं?' मले काय माहीत! काकूंनी सांगितलं होतं, टेपवरच्या काट्याकडे बघ, काटा लालमध्ये गेला तर आवाज फाटते. मी सगळा वेळ त्या काट्याकडेच बघत होतो. इतकी वर्षं ऐकली ही टेप. रोज वाटते, एकदा मान वर केली असती तर." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुले माहीत हाय का, ताई?"

डोक्यात काही नव्हतं. पण उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला होता. मानकनगरच्या मागच्या अंगणात दर थंडीत आई कोथिंबीर आणि मेथी टाकायची. मला फेकायची घाई. आई मागं यायची, माझी मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि काही न बोलता चालायला लावायची. तिच्या साडीला फोडणीचा वास, हनुवटी माझ्या डोक्याला टेकलेली. तळहात वर नाही, खालीही नाही, कलता. करंगळी घट्ट. बी करंगळीकडून नाही, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या फटीतून सुटायचं, आणि अंगठा मागं-पुढं, मागं-पुढं, पावलाच्या तालावर. यात ती एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

मला आठवलं, आणि आधी वाटलं, सांगू नये. एवढं तरी माझं असू दे. खरं सांगते, मी सावकाश चहा संपवला. तळाशी गाळ राहतो तोही संपवला. गुड्डी वाट बघत होती, तिचा फोन हातात सरसावलेला, कॅमेरा चालू.

"फोन ठेव," मी म्हणाले.

"पण पोरांना दाखवायला..."

"फोन ठेव गं. आणि डब्यातून मूठभर काहीतरी आण. धने चालतील."

तिनं धने आणले. मी तिच्या मागं उभी राहिले. दोघी पन्नाशीच्या घरात, दोघींच्या गुडघ्यांचे आवाज. तिची मूठ मी माझ्या मुठीत घेतली, कलती केली, करंगळी आवळली, आणि दोघी बैठकीतून चालू लागलो, टीव्हीपासून दारापर्यंत. पहिले धने भसकन सांडले. मी तिचा अंगठा धरला, मागं-पुढं. दिवाणाजवळ एक दाणा सुटला, मग एक, मग एक, बारीक टपटप करत, फरशीवर एक सरळ ओळ. दारापाशी पोचेपर्यंत गुड्डी एकदाही 'मतलब?' म्हणाली नाही.

मग ती थांबली. हातातल्या उरलेल्या धन्यांकडे बघत राहिली.

"आंटींनी मले कधी असा हात धरून नाही शिकवलं," ती म्हणाली. "तुले रोज शिकवे का, वं?"

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार वर्षं आरशात बघत आले आहे. ते मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसत होतं, आणि इतकं सुंदर दिसत होतं, की मी तिची मूठ सोडली नाही. "चल," म्हटलं, "टीव्हीपासून पुन्हा."